‘नवी गाडी घाटात ओढत नाही’: कुंभार्ली घाटातल्या दोन दहा चाकींचे प्रकरण

मालकाचे नाव, गाव आणि दोन्ही गाड्यांचे मेक इथे मुद्दाम दिलेले नाहीत. इंजिनाचे आणि गिअरचे आकडे जवळच्या पूर्ण संख्येत घेतले आहेत. हिशेबाला त्याने फरक पडत नाही.

## पार्श्वभूमी

चिपळूण परिसरातल्या चिरेखाणींतून जांभा दगड भरायचा, पोफळीवरून कुंभार्ली घाट चढायचा, घाटमाथा, हेळवाक, पाटण करत कराडला किंवा पुढे सांगलीकडे उतरवायचा, असा हा धंदा. मालकाकडे दोन दहा चाकी गाड्या. जुनी २०११ची, बीएस-३ (धुरावरच्या सरकारी मर्यादेचा जुना टप्पा), मेकॅनिकल पंपाची, सहा सिलिंडर, टर्बो-इंटरकूलर (इंजिनात हवा दाबून आणि थंड करून भरणारी जोडी). कागदावर २५०० आरपीएमला १८० एचपी, टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, १५०० आरपीएमला ६५० न्यूटन-मीटर. आरसीवर एकूण वजन २५ टन. रिकामी गाडी ८.४ टन.

दुसरी २०२१ची, बीएस-६, कॉमनरेल, म्हणजे डिझेल कंप्युटर सोडतो अशी. २४०० आरपीएमला २०० एचपी, १२०० ते १९०० आरपीएमपर्यंत सपाट ७०० न्यूटन-मीटर. एकूण वजन २८ टन, कारण २०१८च्या जुलैत एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढली आणि त्यानंतर आलेल्या दहा चाकी त्या हिशेबाने बनल्या. रिकामी ९.३ टन. केबिन, सायलेन्सरच्या जागी बसलेली डीपीएफ-एससीआरची पेटी (डीपीएफ काजळी अडवते, एससीआर धुरातले विषारी वायू कमी करते), एससीआरला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाची, म्हणजे डीईएफची टाकी, सगळ्याचे वजन त्यात आले.

गिअरबॉक्स दोन्हींत सहा गिअरचा. तिसरा गिअर साधारण ३.०, दुसरा ५.०. मागचा एक्सल मात्र वेगळा: जुन्या गाडीचा क्राउन-पिनियन, म्हणजे एक्सलमधल्या दातेरी जोडीचे प्रमाण, ६.१४, नवीचा ५.५७. टायरचा घेर जवळपास सारखाच. जुनीला १०.००-२०, नवीला २९५/९० आर २०.

## तक्रार

नवी गाडी घेतल्यापासून पहिले वर्ष कुरबुर कमी होती. दुसऱ्या पावसाळ्याआधी नव्या गाडीचा ड्रायव्हर उघड बोलू लागला: शेठ, कागदावर दोनशे घोडे आहेत, घाटात त्यातला अर्धाही तबेला दिसत नाही. जुनी गाडी तिसऱ्यात चढते तिथे नवी दुसऱ्यात बसते, वळणावर पहिला टाकावा लागतो, मागे गाड्यांची रांग लागते. जुन्या गाडीचा ड्रायव्हर त्यात तेल ओतत होताच. पंपाची गाडी ती पंपाची गाडी, कंप्युटरच्या गाडीला दम नाही, हे त्याचे ठरलेले वाक्य.

मालकाला वाटले, ड्रायव्हरला नवी गाडी जमत नाही. ड्रायव्हरला वाटले, कंपनीने इंजिन ‘बांधून’ दिले आहे. दोघांच्याही म्हणण्यात थोडे खरे होते, ते पुढे दिसेल.

गाडी पहिल्यांदा वर्कशॉपला गेली ती रिकामी. तिथल्या माणसाने हायवेवर चक्कर मारली, डॅशवर दिवा नाही, स्कॅनरवर चालू फॉल्ट कोड नाही, गाडी ठीक आहे म्हणून परत पाठवली. रिकाम्या गाडीला एकूण ताकदीचा तिसरा हिस्साही पुरतो. भरल्या गाडीची तक्रार रिकाम्या गाडीवर तपासली, त्यामुळे दोन महिने वाया गेले.

## कागदावरचा हिशेब

वाद मिटवण्याआधी एक आकडेमोड करून बघण्यासारखी होती. ती कुणी केली नव्हती. चढ ७ टक्के धरू, म्हणजे १०० मीटरला ७ मीटर. रस्त्याच्या घर्षणाचे आणखी ०.८ टक्के. गिअरबॉक्स आणि एक्सलमध्ये १२ टक्के ताकद वाया जाते असे मानू.

आधी एचपी. जुनीचे १८० एचपी २५ टनांना, म्हणजे टनाला ७.२. नवीचे २०० एचपी २८ टनांना, टनाला ७.१. वाढलेले २० घोडे वाढलेल्या ३ टनांनी खाल्ले. पूर्ण ताकद लावून या चढावर दोन्ही गाड्या जास्तीत जास्त ताशी २२ किमीच्या आसपासच जाऊ शकतात. ‘नवी गाडी जास्त पॉवरची’ हे वाक्य शोरूममध्ये खरे असते, भरल्या घाटात ते तितकेसे खरे उरत नाही.

आता ओढ, म्हणजे चाकाशी पोचणारा जोर. तो इंजिनाचा टॉर्क, गिअर आणि क्राउन-पिनियन यांच्या गुणाकारातून येतो. तिसऱ्या गिअरमध्ये जुनीची सर्वात जास्त ओढ साधारण २०,६०० न्यूटन, नवीची २०,२००. इंजिनाचा टॉर्क ५० न्यूटन-मीटरने जास्त असूनही चाकाशी कमी, कारण ५.५७चा एक्सल. हा जोर वजनाने भागला की जुनी गाडी २५ टनांवर तिसऱ्यात ७.६ टक्क्यांचा चढ धरू शकते, नवी २८ टनांवर ६.५ टक्क्यांचा. घाट ७ टक्क्यांचा. म्हणजे जुनी तिसऱ्यात राहते, नवीला दुसरा टाकावाच लागतो. आणि दुसऱ्यात २४०० आरपीएमला नवीचा वेग ताशी साडेसोळा किलोमीटरच्या वर जात नाही.

तर ड्रायव्हरचे निरीक्षण बरोबर होते. काहीही बिघाड नसतानाही ही गाडी या घाटात जुनीच्या मागे पडणार होती. मात्र ती पहिल्या गिअरपर्यंत खाली जावी, असे या हिशेबात कुठेच बसत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये हीच गाडी ११ टक्क्यांचा चढ धरते. तक्रारीचा एक भाग गाडीच्या घडणीतला होता आणि एक भाग खरोखरीच्या बिघाडाचा. दोन्ही एकाच वाक्यात बोलले जात होते, म्हणून उत्तर सापडत नव्हते.

जुन्या गाडीबद्दलही एक गोष्ट उशिरा बाहेर आली. इंजिनाचे काम निघाले तेव्हा पंप बांधताना तिचे डिझेल वाढवून घेतले होते. म्हणजे तिचे १८० एचपी कागदावरचे, प्रत्यक्षात जास्त. घाटात काळा धूर निघायचा तो त्याचाच. तुलना एका मूळ गाडीची आणि एका वाढवलेल्या गाडीची चालली होती.

## समोर असलेले पर्याय

मालकाने पाच गोष्टींचा विचार केला. त्यातल्या दोन सरळ बाद व्हायला हव्या होत्या, पण सर्वात आधी त्याच पुढे आल्या.

पहिली, ईसीयूचे रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणे. हायवेवरच्या एका ट्यूनिंगवाल्याने अर्ध्या दिवसात ४० एचपी वाढवून देतो असे सांगितले होते, सोबत डीईएफ बंद करून देण्याचीही तयारी. मालकाचा कल इकडेच होता. गाडी वॉरंटीत होती, ती जाणार हे एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, हे दुसरे. पण धंद्याच्या दृष्टीने तिसरे कारण जास्त वजनाचे आहे: गाडीत हवेची गळती असेल आणि तिच्यावर जास्त डिझेल सोडले, तर न जळलेली काजळी थेट डीपीएफमध्ये साचते आणि एक्झॉस्टचे तापमान टर्बोला सोसवत नाही. रीमॅप केल्यावर पहिले चार आठवडे गाडी झकास ओढली असती.

दुसरी, क्राउन-पिनियन बदलून ६.१४ बसवणे. ओढ दहा टक्क्यांनी वाढते आणि २८ टनांवर नवी गाडी तिसऱ्यात ७.३ टक्के धरू लागते, हे आकडेमोडीत खरे आहे. पण टॉप गिअरमध्ये ताशी ६० किमीला इंजिन सुमारे १७४० आरपीएमवर चालते ते १९२०वर जाईल. पाटणपासून पुढचा सगळा सपाट रस्ता त्या जास्तीच्या आरपीएमने काढायचा, स्पीडोमीटर आणि ईसीयूची सेटिंग बदलायची, आणि वॉरंटीचा प्रश्न आहेच. काही किलोमीटरच्या घाटासाठी शेकडो किलोमीटरचे अॅव्हरेज घालवणे परवडत नाही.

तिसरी, माल कमी भरणे. भाडे नगावर ठरलेले, त्यामुळे मालक याला सर्वात जास्त विरोध करत होता. चौथी, ड्रायव्हर बदलणे. पाचवी, गाडी पूर्ण भरून, घाटात, लॅपटॉप लावून तपासणे. शेवटी हीच घेतली, आणि एका शहाण्या अटीवर: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक वेळी त्याच पट्ट्यावर वेळ मोजायची.

## तपासणी

घाटात पोफळीच्या वरचा २ किमीचा पट्टा ठरवला, दोन खुणा धरल्या. वाहतूक कमी असते अशी पहाटेची वेळ. ब्रेक लागला किंवा पुढची गाडी आडवी आली तर ती फेरी बाद.

जुनी गाडी वजनकाट्यावर २४.९ टन भरली. ५५० नग, कोरडा चिरा, नगाला सरासरी ३० किलो. तिने हा पट्टा ६ मिनिटे १० सेकंदांत काढला, बहुतेक तिसऱ्यात, दोन वळणांवर दुसरा.

नवी गाडी नेहमीसारखी भरली, ६४० नग. काट्यावर ३०.१ टन. सगळेच चमकले, कारण नगाच्या हिशेबाने गाडी २८.५ टनांच्या आसपास असायला हवी होती. उत्तर खाणीत होते. जुनी गाडी महिनोन्‌महिने उन्हात रचून ठेवलेल्या ढिगातून भरत होती, नवी थेट मशीनवर काढलेला ताजा चिरा उचलत होती. ताजा कापलेला जांभा ओला असतो, हवेवर वाळतो आणि घट्ट होतो. इथे ओल्या चिऱ्याचे सरासरी वजन नगाला साडेबत्तीस किलो निघाले. डोळ्याला दगड तोच, ६४० नगांत फरक दीड टनाहून जास्त.

त्या वजनावर, जशी होती तशी, नव्या गाडीला १० मिनिटे ३० सेकंद लागले. दोन्ही हेअरपिन वळणांवर पहिला गिअर.

मग वर्कशॉपचा माणूस लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये बसला. लाइव्ह डेटात चार गोष्टी बघितल्या.

अॅक्सिलरेटर पेडल १०० टक्के जाते का. हे आधी बघायचे, कारण खालचा मॅट सरकून पेडल अडते आणि लोक इंजिन उघडतात. इथे १०० टक्के जात होते.

रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, मागितले तेवढे मिळते का. मिळत होते. म्हणजे डिझेल फिल्टर, वॉटर सेपरेटर, फीड पंप ठीक.

टॉर्कवर मर्यादा लागली आहे का. लागली होती, आणि बिघाडामुळे नाही. डॅशवर लोड मोडचे बटण असते: हलका, मध्यम, भारी. ते ‘हलका’वर होते. डिझेल वाचावे म्हणून मालकानेच ड्रायव्हरला ते कायम हलक्यावर ठेवायला सांगितले होते आणि वर्षभरानंतर दोघेही विसरले होते. सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीला तो मोड योग्य. भरल्या घाटात त्याने टॉर्क वरून छाटला जातो, मग गाडी जास्त वेळ खालच्या गिअरमध्ये राहते आणि वाचलेले डिझेल तिथेच जाते.

चौथी गोष्ट बूस्ट प्रेशर, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब. ईसीयू १.६ बार मागत होता, प्रत्यक्ष १.१ बारवर अडकत होते. हा खरा बिघाड. स्कॅनरच्या जुन्या नोंदीत कमी बूस्टचा एक कोड येऊन गेल्याचेही दिसले, पण तो चालू नव्हता म्हणून पहिल्या भेटीत कुणी वाचला नव्हता. फरक ठरावीक मर्यादेबाहेर ठरावीक वेळ राहिला तरच कोड चालू राहतो आणि दिवा लागतो. रिकाम्या गाडीत तो फरक येतच नाही.

गाडी खाली आणून हवेचा मार्ग तपासला. एअर फिल्टरचा इंडिकेटर लाल होता. खाणीतली तांबडी धूळ कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकातल्या अंतराची वाट बघत नाही. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होसच्या खालच्या अंगाला, क्लिपच्या कडेला, बोटभर चीर. वरून बघितले तर होस ठणठणीत. खूण एकच: चिरेजवळ तेलकट ओल आणि तिच्यावर बसलेली तांबडी धूळ. टर्बोतून येणाऱ्या हवेत तेलाचा थोडा अंश असतोच, गळती जिथे असेल तिथे तो बाहेर येऊन धूळ धरतो. खात्रीसाठी पाइपची दोन्ही तोंडे बंद करून कमी दाबाची हवा भरली आणि साबणाचे पाणी मारले. फुगे आले. ही चाचणी करताना दाब १ बारच्या पुढे नेऊ नये आणि तोंडांना लावलेल्या बुचांसमोर उभे राहू नये. बूच सुटले तर गोळीसारखे येते.

ब्रेक सोडल्यावरही चाकाला घासत राहतात का हेही बघितले. चढ उतरवून सपाटीला आणल्यावर सर्व हबांचे तापमान मोजले, फारसा फरक नव्हता. डीईएफचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरवर ३२.५ टक्के, म्हणजे हवे तेवढे. खताचा युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतण्याचा प्रकार इथे झालेला नव्हता. झाला असता तर इंजेक्टरच्या तोंडाशी खडे धरतात, धुरातले विषारी वायू मोजणारा नॉक्स सेन्सर तक्रार करतो आणि गाडी स्वतःहून ताकद कमी करते. घाटात गाडी अचानक, दिवा लागून, सरळ निम्म्यावर आली तर आधी इकडे बघावे. हळूहळू मेलेल्या गाडीत आधी हवा बघावी.

## धूर का दिसला नाही

या प्रकरणातला हा भाग दोन्ही ड्रायव्हरांना सर्वात जास्त पटला, म्हणून थोडे थांबून.

मेकॅनिकल पंपाच्या गाडीत होस फुटला तर हवा कमी होते, डिझेल मात्र जवळपास तेवढेच जाते. कापडाच्या गिरणीसारखा काळा धूर निघतो. गाडी थोडी मेलेली असते पण ओढत राहते, आणि ड्रायव्हर आरशात बघून सांगतो, हवेचा पाइप गेला. धूर हेच त्याचे मीटर. शिवाय गळतीची शिट्टीही केबिनमध्ये ऐकू येते.

बीएस-६ गाडीत मॅनिफोल्डवरचा सेन्सर हवा मोजतो. हवा कमी दिसली की ईसीयू डिझेलही कमी करतो, कारण त्याला धूर होऊ द्यायचा नाही. म्हणजे गाडी थेट ताकद सोडते. जी थोडी काजळी होते ती डीपीएफमध्ये अडकते, नळीतून बाहेर काहीच येत नाही. बंद काचेच्या एसी केबिनमध्ये शिट्टीही पोचत नाही. पंधरा-वीस वर्षे ज्या खुणांवर ड्रायव्हरने गाडी ओळखली त्या एकदम गेल्या, आणि त्यांच्या जागी काय बघायचे ते कुणी शिकवले नाही.

एक खूण मात्र होती. डीपीएफच्या रीजनरेशनचा, म्हणजे साचलेली काजळी जाळण्याचा, दिवा पूर्वीपेक्षा लवकर लवकर लागत होता. ड्रायव्हर हेळवाकला गाडी बाजूला घेऊन उभ्या गाडीत रीजन करून पुढे निघत होता, आणि हा या गाडीचा स्वभाव आहे असे धरून चालला होता. रीजनमधले अंतर कमी होत जाणे म्हणजे काजळी वाढली, म्हणजे हवा कमी किंवा इंजेक्टर बिघडलेला. जुन्या गाडीचा काळा धूर आता या दिव्यात दिसतो.

## काय केले आणि किती फरक पडला

बदल एकेक करून घेतले. फक्त माल कमी करून ५७० नग, २७.८ टन: ९ मिनिटे ४० सेकंद. मोड ‘भारी’वर: ८ मिनिटे ५० सेकंद. होस, दोन्ही क्लिपा आणि एअर फिल्टर बदलून: ७ मिनिटे ५० सेकंद. बूस्ट आता मागितल्याप्रमाणे येत होते.

शेवटचे अर्धे मिनिट गिअरमध्ये होते. गाडी घेतली तेव्हा ट्रेनरने सांगितले होते, आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवा. ड्रायव्हरने ते घाटातही पाळले. हिरवा पट्टा सपाट रस्त्यावर अॅव्हरेजसाठी असतो. १४०० आरपीएमला या इंजिनाचे ७०० न्यूटन-मीटर म्हणजे फक्त १४० एचपी. उरलेले साठ २४००च्या जवळ आहेत. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये काटा २००० ते २३००मध्ये राहिला पाहिजे. इंजिन ओरडते आहे असे वाटते, पण ते त्याच कामासाठी बनले आहे.

गिअर उतरवण्याची वेळही वेगळी. तिसऱ्यातून दुसऱ्यात गेल्यावर आरपीएम १.६७ पट होते. १४००ला टाकला तर २३३०, बरोबर बसतो. १६००ला टाकला तर २६७०, मर्यादेच्या बाहेर. १२००च्या खाली जाऊ दिला तर टर्बो सुटतो, क्लच दाबेपर्यंत गाडी आणखी पडते आणि मग दुसराही पुरत नाही, थेट पहिला शोधावा लागतो. हा ड्रायव्हर सपाट टॉर्कवर विसंबून तिसरा ११००पर्यंत ताणत होता. आता वळण दिसले की वळणाच्या आधी, काटा १३००-१४००मध्ये असताना दुसरा टाकायचा. जुन्या गाडीत हे काम कान करत असे. नव्या गाडीत काटा बघावा लागतो.

यानंतर ७ मिनिटे २० सेकंद. हेअरपिन वळणावरही पहिला गिअर लागला नाही.

ड्रायव्हरांचे समाधान व्हावे म्हणून एक फेरी समान वजनावर घेतली. नवी गाडी २४.९ टन भरून: ५ मिनिटे ५५ सेकंद, तिसऱ्यात. पंप वाढवलेल्या जुन्या गाडीपेक्षा पंधरा सेकंद कमी. जुन्या गाडीच्या ड्रायव्हरने काटापावती स्वतः बघितल्यावर वाद थांबला. निदान गाडीबद्दलचा.

तीन महिन्यांत रीजनचा दिवा पुन्हा पहिल्या वर्षाइतक्या अंतराने लागू लागला. अॅव्हरेज थोडे सुधारले. होस-क्लिपा-फिल्टरचा खर्च काही हजारांत गेला, रीमॅपसाठी मागितलेल्या रकमेच्या तुलनेत किरकोळ.

मालाचा प्रश्न अवघड होता. ओला चिरा ५७० नगांवर थांबवायचा तर खेपेला ७० नगांचे भाडे जाते. समोर दुसरा आकडा ठेवला: ओव्हरलोडचा दंड कायद्याने २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. मालकाने शेवटी दोन दर केले. कोरडा चिरा ६२० नग, ताजा ५७० नग, आणि ग्राहकाला ताज्या मालाचा नगामागे दर थोडा जास्त. दोन ग्राहक त्यामुळे गेले.

## वेगळे काय करता आले असते

काटापावती पहिल्याच दिवशी करायला हवी होती. ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार आली की आधी वजन, मग मोडचे बटण, मग फिल्टरचा इंडिकेटर. तिन्हींना मिळून अर्धा तास लागतो, लॅपटॉप लागत नाही. इथे तिन्हींत दोष होता.

वर्कशॉपला गाडी भरून न्यायची, निदान भरल्या गाडीत लाइव्ह डेटाची नोंद मागायची. चालू कोड नाही एवढ्यावर गाडी परत घेऊ नये. जुन्या कोडची यादी छापून मागावी. आणि गाडी नवी असतानाच तिच्या नेहमीच्या घाटात, भरल्या वजनावर, बूस्ट किती येते आणि ठरलेल्या पट्ट्याला किती वेळ लागतो हे लिहून ठेवले असते, तर दुसऱ्या वर्षी तुलना जुन्या गाडीशी करावीच लागली नसती. तिची तुलना तिच्याशीच झाली असती.

मोडबद्दल मालकाची सरसकट सूचना चुकीची होती. पोफळीला ‘भारी’, घाटमाथ्यावर ‘मध्यम’, परतीला रिकामी असेल तर ‘हलका’, असा रस्त्याप्रमाणे नियम देता आला असता. आता तो केबिनमध्ये चिकटवला आहे.

एका निर्णयाबाबत मतभेद राहिले. वर्कशॉपच्या माणसाचे म्हणणे, होस सापडल्यावर मालाला हात लावायची गरज नव्हती, गाडी ३० टनही दुसऱ्यात चढली असती. चढली असती हे खरे. पण उतारावर काय, हे त्या म्हणण्यात येत नाही. ब्रेक आणि एक्झॉस्ट ब्रेक २८ टनांच्या हिशेबाने दिलेले असतात. चढताना दोन टन जास्त असले तर वेळ जातो, उतारावर ते दोन टन ब्रेकच्या लायनिंगवर येतात.

पुढची गाडी घेताना मालकाने एचपीबरोबर तीन गोष्टी लेखी विचारल्या आहेत: क्राउन-पिनियनचे कोणकोणते पर्याय मिळतात, २८ टनांवर तिसऱ्या गिअरमध्ये किती टक्के चढ धरते, आणि टॉर्क कोणत्या आरपीएमपासून कोणत्या आरपीएमपर्यंत सपाट आहे. एका विक्रेत्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले. दुसऱ्याचे अजून आलेले नाही.